शालीतल्या पतंगाचे कुळ

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, बेटावरचा दीपस्तंभ आणि काकूंचा राग, तिन्ही जागेवर असोत अशी रोज प्रार्थना करतो.

काकूंनी विणलेली लोकरीची शाल पोचली. (तिथल्या उकाड्यात लोकर कशाला, हे विचारण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही.) हिने ती कौतुकाने अंगावर घेतली आणि आतून चार पतंग उडाले. शालीला कसर लागली म्हणून दुसऱ्या कोणी ती झटकली असती. पण मी पडलो संग्रहालयात पतंगांना टाचण्या टोचणारा. एक डबीत घालून आमच्या मॅडमना दाखवला आणि तिथेच फसलो. या प्रजातीचा जगात एकच जुना नमुना आहे म्हणे, तोही तुमच्याच बेटावरचा आणि तीही मादी. तिला कुठल्या कुळात बसवावे यावरून विद्वानांचे तीन पिढ्या एकमेकांशी बोलणे बंद आहे. शालीत अळ्या असणार म्हणून मॅडमनी शालच काचेच्या पेटीत ठेवली. तिच्यातूनही माद्याच निघताहेत.

आता वडीलधाऱ्यांना कसे लिहू? पतंगाचे कुळ पंखांवरून ठरत नाही. ते नराचे जे काही देवाने झाकून ठेवले आहे, त्यावरून ठरते. मॅडम (आमच्या थोरलीच्या वयाच्या) हे सर्वांसमोर खणखणीत सांगतात आणि मी खिडकीबाहेर बघतो. नर मिळेपर्यंत शाल परत नाही. आणि काकू पुढच्या महिन्यात येणार! मागे त्यांनी विणलेला एक मोजा हरवला, तर वर्षभर त्या माझ्याशी तुमच्यामार्फत बोलत होत्या. ही तर म्हणते, "विचारलं तर सरळ सांगीन, तुमच्या पुतण्यानं किड्यांना पांघरली."

काकूंना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमचा पुतण्या

ता. क. काकूंचे येणे थोडे लांबवता येईल का? गुडघा दुखतोय म्हणा. तो दुखतोच, म्हणजे खोटेही नाही.

पुन्हा ता. क. आज सकाळी डोळे मिटून देवाकडे नरच मागत होतो. डोळे उघडले तर समोर भिंतीवर नर! पिसासारख्या मिशांवरून ओळखला. फक्त त्याच्यावर हिची चप्पल होती. "शाल घालवणारा हाच ना मेला?" म्हणाली. मॅडमनी भिंगातून पाहिले. पंख शाबूत, मिशा शाबूत, हवे होते तेवढेच गेले. तेव्हा काकूंना येऊच द्या. येताना दुसरी शाल आणायला सांगा, पण ती झटकायची नाही आणि उन्हातही घालायची नाही. (का, ते तुम्हीच समजावा.)