आत्याची सर्दी

६ जानेवारी, सोमवार
बारसं रविवारी आणि आज नाक गळतंय! धनेशला, माझ्या भावाला, आठ वर्षांनी मूल झालं. पोरगी सातव्या महिन्यातच आली, महिनाभर काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी बजावलंय — सर्दीवाल्या माणसाने जवळ फिरकायचं नाही. आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. म्हणजे माझा.

आईला फोन केला. "वले केस घेऊन पंख्याखाली झोपलीस, होनारच." वीस वर्षं ओल्या केसांनी कामाला जाते, तेव्हा रोज का नाही झाली?

७ जानेवारी
कळंबोलीला, आमच्या लोखंडाच्या गोडाऊनमध्ये सगळ्यांना विचारलं — सर्दी होते कशाने? जितकी तोंडं तितकी कारणं. दही. पेरू. तळोज्याच्या कारखान्यांचा वास. गोटीराम ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, शंभर टक्के एसी." त्याच्या ट्रकला एसीच नाही आणि शिंकतोय माझ्याहून जास्त.

मनात आलं, दह्याचीच असू दे. दह्याची सर्दी बाळाला थोडीच लागणार?

८ जानेवारी
शेजारच्या मैत्रीला गाठलं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "ताई, दही नाही, केस नाही. विषाणू. शे-दोनशे प्रकार आहेत, म्हणून तर पुन्हापुन्हा होते." शिंकेतून उडतो, हाताला लागतो. तो हात नाकाडोळ्यांना लागला की झालं. एक-दोन दिवसांत, फार तर तीन, नाक सुरू.

मग मी मागे मोजत गेले. शनिवार — गोटीराम हातावर शिंकला आणि त्याच हाताने माझं पेन घेऊन सही केली. मला पेन चावायची खोड. सापडला चोर! काय बरं वाटलं.

मग कळलं. मला लागली, तशी माझीही बाळाला लागणार.

१० जानेवारी
रडले थोडी. भाविकाला, वहिनीला, कळवलं — येत नाही. ती हट्टाला पेटली. "ताई, तुमच्याशिवाय नाव ठेवायचं नाही. जिन्यात उभ्या राहा, पण या." गुणाची आहे. मी दिवसातून दहादा साबणाने हात धुतेय.

१२ जानेवारी, रविवार
खांदेश्वरला धनेशकडे जाऊन आले. मास्क लावून जिन्यातच थांबले. नाव मोबाइलमध्ये बोलून ठेवलं होतं. दोनदा मध्येच शिंक आली, तिसऱ्यांदा जमलं. धनेशने माझा मोबाइल आत नेला, वहिनीने तो बाळाच्या कानाला लावला. कुर्रर्र... ओवी! दारातून सगळं दिसत होतं. ओवीने मूठ मोबाइलवर आपटली आणि तीच तोंडात घातली. सगळे हसले. आई म्हणाली, "आत्याला वलखलंन."

खूप दिवसांनी एवढी खूश आहे मी.

१५ जानेवारी
ओवीला ॲडमिट केलंय. नाक चोंदलंय, दूध ओढत नाही. डॉक्टर विचारतायत, सर्दीवालं कोणी जवळ आलं होतं का. आई छातीठोकपणे सांगतेय, "कोनी नाय."

हात मी दहादा धुतले. मोबाइल एकदाही पुसला नाही. डॉक्टरांना सांगायला निघालेय.