भिलापूरच्या रणावर ठेवलेलं पाणी

बडोदे, आश्विन शुद्ध तृतीया, शके १८३९

तीर्थरूप आक्कास,

जगदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडचं क्षेम लिहायला हात धजत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तुला पाठवायची म्हणून कौशल्येने डाळ निवडून ठेवली होती, ती तशीच पडली आहे.

आक्का, माधव जिवंत आहे. तो बसऱ्याकडे लढाईत बेपत्ता झाल्याचा कागद आला आणि आपण सगळे रडलो. तोच मुलगा चतुर्दशीला स्वतःच्या पायांनी घरी आला आणि त्याच रात्री पुन्हा नाहीसा झाला. लहानपणी रुसला की "आत्याकडे जातो" म्हणायचा. तळेगावला आला असेल तर त्याला सोडू नकोस. मला ताबडतोब तार कर.

का गेला, ते सांगतो. तू लिहिलं होतंस, शस्त्राने गेलेल्यांची चतुर्दशी येते आहे, यंदा माधवचं नाव घे, पोराला किती दिवस तहानलेला ठेवशील. तुझ्यावर राग नाही. कौशल्या मात्र ऐकेना. त्याचं नाव घेणार नाही, असं तिला सांगून मी घराबाहेर पडलो.

आपले पूर्वज दाभाड्यांकडून लढताना भिलापूरला पडले, तेव्हापासूनची रीत तुला माहीत आहे. पण बायकांना तिथे नेत नाहीत, म्हणून सगळं लिहितो. घरच्या कर्त्याने ती रात्र एकट्याने रणावर काढायची. राहुटीमागे पिंड आणि पाणी ठेवायचं, दिवा मालवून पाठमोरं बसायचं. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मेलेली माणसं घरच्यांची नावं घेऊन बोलावतात, असं वडिलांनी बजावलं होतं. एकेकाचं नाव घेऊन एवढंच म्हणायचं, "पाणी घे. सुखाने जा. घराकडे फिरू नकोस."

डभईहून सोडायला आलेला गाडीवान परतताना म्हणाला, "काका, रातना अहीं ना रोकाशो," रात्रीचे इथे थांबू नका. दरवर्षी मी ते हसण्यावारी नेतो. यंदा त्याला थांब म्हणावंसं वाटलं.

गवत छातीइतकं वाढलं होतं. मी फत्तेसिंहराव, तुकोजीराव अशी नावं घेत गेलो. कोल्हे ओरडत होते, ते एकाएकी गप्प झाले. मग पावलं ऐकू आली. एक नीट पडणारं, एक ओढत आणलेलं. रणात जखमी होऊन पडलेला माणूस असाच चालत येईल, असं मनात आलं.

राहुटीमागून आवाज आला, "आबा, पाणी."

आवाज ओळखू आला नाही, असं मी कौशल्येला सांगितलं आहे. ते खोटं आहे. पहिल्या शब्दालाच ओळखला. ओळखला म्हणूनच माधव गेला अशी माझी खात्री पटली. "मी माधव. आईने पाठवलंय," तो म्हणाला. मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडत होतो, पण वळलो नाही. मग बोळा काढला आणि म्हणालो, "माधव, पाणी घे. सुखाने जा. घराकडे फिरू नकोस."

मग लोटा खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं दूर गेली.

उजाडल्यावर पाहिलं, लोटा रिकामा होता आणि पालथा घातला होता. पाणी पिऊन झालं की माधव नेहमी तसाच घालतो. भोवती बुटांच्या खुणा होत्या. तरीही मला शंका आली नाही. पलटणीतला पोर, बुटांतच गेला असणार, असं मी स्वतःला समजावलं. पोराला पाणी पोचलं म्हणून मला समाधानसुद्धा वाटलं, आक्का.

घरी आलो तर दारात कौशल्या ओवाळायचं ताट घेऊन उभी. "माधव कुठाय?" म्हणाली. "तुम्ही शब्द मोडून त्याचं नाव घ्यायच्या आत गाठ म्हणून आल्या पावली पाठवला होता. भेटला ना?"

तुर्कांच्या कैदेतून जखमी म्हणून सुटला होता. एक पाय अधू झालाय. तेव्हापासून मी स्टेशन, इस्पितळ, धर्मशाळा पालथ्या घातल्या. चाणोदच्या घाटावर नावाड्यांनाही विचारून आलो, काय विचारलं ते लिहवत नाही. कौशल्या माझ्याशी बोलत नाही. त्याचं ताट वाढते आणि झाकून ठेवते.

तो आला तर पुढच्या ओळी त्याला वाचून दाखव.

माधव, मी तुझा आवाज ओळखला होता. तेव्हा पाठ करून बसलो, आता रोज दाराकडे तोंड करून बसतो. बाळा, घराकडे फिर.

तुझा आबा