कंबरेतलं पाणी

८ नोव्हेंबर, कुरखेड्याजवळ
गुडघे पोटाशी घेऊन मी खाटेवर, पाठीत सुई, दारात अर्धं गाव. राजदीप डॉक्टर म्हणाले, सरिता, हलू नका. ‘पयले तुमचं काढा बाई, मंग आमचं,’ असं अंजनाबाईंनी बजावलं होतं. त्यांचा शब्द घराण्यात चालतो. नळीत स्वच्छ थेंब पडले. त्या वाकून बघत म्हणाल्या, ‘बाईचं बी आमच्यावानीच हाय की. मले वाटलं शयरातलं गोड असन.’ सगळे हसले, मीही. कालच पथकात नर्स म्हणून रुजू झाले आणि आज गाव पाणी द्यायला तयार झालं.

या घराण्यात चाळिशीआधीच हातपाय आपोआप हलू लागतात, मग बोलणं जातं, मग माणूस. मणक्यातल्या पाण्यात एक सदोष प्रथिन खूप आधीच सापडतं. ज्याला हा दोष वारशाने आलाय त्याच्याच पाण्यात. ते मोजायला आम्ही आलोय. माझी नळी तुलनेसाठी निरोगी गटात ठेवली.

१४ नोव्हेंबर
धान कापणी चालू. अंजनाबाईंनी जेवायला बसवलं. सांगत होत्या, हात हलू लागले की माणूस स्वतःच घर सोडतो, आडनाव बदलतो. पोरींची लग्नं अडू नयेत म्हणून. कोणी शोधत नाही. त्यांचा धाकटा दीर असाच गडचांदूरकडे खदानीत कामाला गेला. मी म्हटलं, मी तिथलीच. भात वाढता वाढता त्या थांबल्या.
दिव्यानीचा फोन. धाकटी बहीण, चौथा महिना. तिला चिंचा हव्यात.

२ डिसेंबर
निरोगी गटातल्या एका नळीत ते प्रथिन निघालं. डॉक्टर म्हणाले, नळ्या बदलल्या असतील. क्रमांक माझा आहे. मी माझं पाणी पुन्हा काढायला लावलं.

१० डिसेंबर
पुन्हा तेच. डॉक्टर माझ्याकडे न बघता निकाल कळवण्याचे नियम सांगत होते.

११ डिसेंबर
आईला विचारलं, बाबा मूळचे कुठले? खदानीत पाय घसरून गेले, एवढंच मला माहीत. ‘काऊन विचारून राह्यली?’ म्हणत तिनं फोन ठेवला.
अंजनाबाईंना बाबांचा फोटो दाखवला. वामनभाऊजी, म्हणाल्या. माझा हात धरला. ‘तू त आपल्याच घरची हायस व पोरी.’ इतक्या मायेनं, की—

१२ डिसेंबर
चहा सांडला. कोणाचाही सांडतो.
दिव्यानीला सांगायचं. अजून वेळ आहे, बाळाची तपासणी होऊ शकते. पण मग आधी तिची— ती हसून विचारेल, मला काय झालंय—
न सांगितलं तर—

१३ डिसेंबर
नंबर लावला. कापला. लावला.
ती कोणाशी तरी हसत होती. मी म्हटलं, दिव्यानी, ऐक, आपले बाबा— आणि मीच फोन कापला.

१४ डिसेंबर
सकाळी दिव्यानीचा फोन आला. बाळ पहिल्यांदाच हललं, म्हणाली. आईनं पोटावर हात ठेवून बघितलं. काल काय सांगत होतीस, तिनं विचारलं. मी काही नाही म्हटलं.