मागचं डावं चाक

अण्णा, तुमची गाडी शनिवारपासून हडपसरला एका अलाइनमेंटवाल्याकडे उभी आहे आणि शनिवारपासून मला एका जागी बसवत नाही. पोळ्या लाटता लाटता मध्येच गॅस बंद करून गॅलरीत जाते, खाली पार्किंगमधली रिकामी जागा बघते आणि परत येते. आज मंगळवार. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगायचं राहिलेलं असं एकच आहे आणि ते या गाडीचंच आहे. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, आत्तापर्यंत तीनदा उठून पुन्हा बसले.

दिवाळीपासून तिचं सुरू होतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी स्वतःलाच मागे ओढायची. दचके द्यायची. खालून कोणीतरी धरून ठेवलंय असं वाटायचं. लांब जाऊन आलं की जळक्या तेलाचा वास. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरता सांगून टाकलं, "गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल." इतक्या सहज, की जणू भाजीच्या पिशवीतून कोथिंबीर काढायची आहे. मला तुमचा आवाज ऐकू आला. आधी चाकं, मग गिअरबॉक्स. तुम्ही हे वाक्य आपल्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचात, विचारलं नसलं तरी. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर दोनदा ऐकवायचात. एक चाक घेराने लहान झालं की ते इतरांपेक्षा जास्त फिरतं आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा जो भाग असतो, तो दिवसभर स्वतःशीच भांडत बसतो. तो तापतो, तेल जळतं आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडतो.

म्हणून रविवारी सकाळी, म्हणजे गेल्याच्या गेल्या रविवारी, मी तुमच्यासारखी फरशीवर बसले. प्रत्येक टायरवर खडूने एक रेघ, तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी. गाडी हळू पुढे ढकलायची, टायरची रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवर तिसरी, आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. शेजारचे निवृत्त गृहस्थ पेपर काखेत धरून उभे होते. "अहो, रांगोळी काढताय की गाडी?" म्हणाले. गाडी ढकलायला मात्र आले नाहीत. पुढची दोन चाकं सारखी निघाली, ती गेल्या वर्षी नवीन घातली होती. मागच्या टायरांत अजून दम आहे असं टायरवाला म्हणाला आणि दोन टायरांचे पैसे वाचले म्हणून मीही खूश झाले. चारही एकदम बदलायचे असतात हे माहीत असून. मागचं उजवं चाक थोडं कमी भरलं, ते अपेक्षितच होतं. मागचं डावं मात्र फारच कमी. हात फिरवला तर आतल्या कडेला टायर गुळगुळीत झालेला. एकच कड झिजली म्हणजे ते चाक सरळ चालत नाही, वाकडं घासत जातं. का, ते शोधायची मला गरज नव्हती. मला सत्तावीस वर्षं माहीत आहे.

तुम्ही आणि आई नाशिकला लग्नाला गेला होतात. माझी परीक्षा होती म्हणून मी घरी. रविवार असल्यामुळे गॅरेज बंद, गाडी आतल्या आवारात. आवाराच्या फाटकाची आणि गाडीची किल्ली एकाच कडीत, आणि अशा कड्या दोन. एक गॅरेजात तुमच्याबरोबर काम करणाऱ्या काकांकडे असायची, दुसरी आपल्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर खिळ्याला. गाडी तुम्ही एका परदेशी जाणाऱ्या इंजिनिअरकडून मोडक्या अवस्थेत घेतली होती, आणि तुम्ही नि काकांनी मिळून ती वर्षभर खपून उभी केली होती. मला तुम्ही ती मैदानात चालवू द्यायचात. रस्त्यावर नाही. त्या दुपारी मी ती खिळ्यावरची कडी घेतली आणि दिवेघाटात गेले. वीस वर्षांची होते, पुस्तकं उघडी होती आणि घरात कोणी नव्हतं. तिसऱ्या वळणावर समोरून टेम्पो आला, मी डावीकडे घेतली, मागचं अंग खडीवरून सरकलं आणि डावं चाक कडेच्या दगडावर बसलं. एकदाच, ठक्क. उतरून पाहिलं तर रिमला एक पांढरा ओरखडा. ओढणीने पुसला. परत येताना स्टिअरिंग जरासं तिरकं धरलं की गाडी सरळ जात होती, म्हणून मी ते तसं धरलं. कडी खिळ्याला लावली आणि अभ्यासाला बसले.

तुम्ही तेल बदललं की किलोमीटर चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवायचात, हे मी विसरले होते. सोमवारी तुम्ही काकांना विचारलंत, "गाडी कोणी नेली होती?" काका म्हणाले, "मी नाही नेली. का हो?" तुम्ही म्हणालात, "चाळीस किलोमीटर जास्त आहेत." त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलं. पण गाडी डावीकडे ओढत राहिली, आणि तुम्हाला ते सहन होईना. अख्ख्या हडपसरला तुमचा दोरा माहीत होता. मशीन नव्हतं तेव्हा तुम्ही तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, लावून चाकं जुळवायचात. काका मागच्या चाकाशी उकिडवे बसून तंगूस टायरला टेकवून धरायचे, तुम्ही पुढच्या चाकाशी स्टीलची पट्टी घेऊन बसायचात, आणि दोघांमधून तो दोरा ताठ जायचा. काका "हं" म्हणाले की तुम्ही मोजायचात. अठरा वर्षं त्यांच्या त्या "हं"वर तुम्ही शंका घेतली नाहीत. जुन्या गाड्यांचा मागचा दांडा अखंड असायचा, म्हणून तुमचा हिशोब असा की मागची चाकं खरी आणि पुढची त्यांच्याशी जुळवायची. या गाडीची मागची चाकं सुटी होती, प्रत्येकाला धरणारा वेगळा लोखंडी आर्म. तीन आठवडे तुम्ही वाकड्या चाकाला खरं धरून बाकीची गाडी त्याच्याशी जुळवत होतात.

काका एकदा म्हणाले होते. मी समोर होते. "एकदा मागचं तपासू या का? आपण त्यालाच खरं धरून चाललोय." तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाही. "मागचं मी स्वतः बसवलंय," म्हणालात. आणि मग तुम्ही तुमचाच नियम मोडलात, गिअरबॉक्स उघडलात. त्यात काही निघालं नाही. तो परत चढवायच्या दिवशी मी डबा घेऊन आले, आणि दारातच थबकले, कारण तुमचा आवाज चढलेला होता.

"खरं सांग. कुठे ठोकलीस?"

"मी गाडीला हात लावलेला नाही."

"मग काय एकटीच फिरून आली? किल्ली तुझ्याकडे असते."

"किल्ल्या दोन आहेत," काका म्हणाले.

"दुसरी माझ्या घरात आहे."

काकांनी हातातला पाना बाकावर ठेवला. मग "बरं" म्हणाले. नळावर जाऊन त्यांनी दोनदा साबण लावून हात धुतले, आपली पिशवी उचलली आणि डब्याला वाट देऊन माझ्या बाजूने बाहेर गेले. माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी पाहिलं नाही. आता वाटतं, मला सांभाळायलाच पाहिलं नाही. तेव्हा मी डबा बाकावर ठेवला आणि तुम्हाला म्हटलं, जेवून घ्या, भाजी गार होईल.

दुसऱ्या दिवशी दोरा धरायला कोणी नव्हतं. तुम्ही एक टोक विटेला बांधून पाहिलंत, वीट सरकली. मग मला हाक मारलीत. मी मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले, त्याच चाकाशी, ओरखडा माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर, आणि तंगूस टेकवून "हं" म्हटलं. तुम्ही मोजलंत आणि पुढची चाकं त्या वाकड्याशीच जुळवलीत. माझा हात हलला नाही, अण्णा. उठताना तुम्ही म्हणालात, "तुझा हात त्याच्यापेक्षा स्थिर आहे," आणि संध्याकाळी ती तंगुसाची गुंडाळी मला देऊन टाकलीत, ठेव तुझ्याजवळ म्हणून. आयुष्यात तुम्ही माझं असं कौतुक दुसऱ्यांदा केलं नाहीत. ती गुंडाळी अजून गाडीच्या कप्प्यात आहे. खडूच्या रेघा मारल्या त्याच रविवारी मी ती काढली, एक टोक पार्किंगच्या खांबाला बांधलं, आणि दुसरं टोक हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. शेजारचे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "आता पतंग वाटतं." मी गुंडाळून ठेवली आणि या अलाइनमेंटवाल्याला फोन केला.

त्याचं दुकान आपल्या जुन्या गॅरेजपासून चार दुकानं सोडून आहे. आपल्या जागी आता मोबाइलच्या दुकानाची झगमग आहे. पन्नाशीचा माणूस, बोलायला कंजूष. चारही चाकांना त्याने यंत्रं लावली आणि पडद्यावर आकडे आले, तीन हिरवे, एक लाल. गाडी वर उचलून त्याने दिव्याच्या उजेडात मला मागचा आर्म दाखवला. जेमतेम बोटभर वाक होता.

"कुठं लागली होती का? जुना वाक आहे, वर गंज चढलाय बघा."

अण्णा, तिथे कोण होतं मला ओरडायला? तुम्ही नाही, आईही नाही. तिने त्या खिळ्यावरच्या किल्लीची कधीच चौकशी केली नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, माझी मुलगी आज त्या वयाची आहे. एवढंच म्हणायचं होतं की हो, मीच ठोकली होती. पण मी म्हणाले, "मला माहीत नाही. गाडी वडिलांची होती."

तो "हं" म्हणाला. काकांसारखाच. मग हात पुसत म्हणाला, "वडील गाडी चालवणारे होते, काम जाणणारे नसावेत. जाणणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही."

तुमचा दोरा पाहायला जिथे लोक उभे राहायचे, तिथून चार दुकानांवर उभी राहून मी हे ऐकलं आणि मान डोलावली. पावती घेतली. रिक्षात बसल्यावर ती दोनदा वाचली. एकाच दगडाच्या ठोकरीत मी आधी काकांना चोर ठरू दिलं आणि आता तुम्हाला अडाणी ठरवून आले. तुमच्यावर रागही येतो, तोही लिहून टाकते. "माझ्या घरात" म्हणताना तुम्ही एकदा दाराकडे वळून पाहिलं असतंत तर डबा धरलेले माझे हात तुम्हाला दिसले असते. तुम्ही सगळ्या गाड्या दोनदा तपासायचात. मला एकदाही तपासलं नाहीत.

काका तुमच्या अंत्यविधीला आले होते, तुम्हाला ते कळायचं कारण नाही. मागे उभे राहिले, पाया पडले. मला म्हणाले, "गाडी नीट चालते का गं?" मी म्हटलं, चालते. ते म्हणाले, "मग झालं." त्यांनी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात काम धरलं नाही. येरवड्याला मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसायचे, डाळी मोजायचे. आता ऐंशी उलटलीत. आई परवा सांगत होती, त्यांना ऐकू कमी येतं, जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. हे ऐकल्यापासून मी मनातल्या मनात "गाडी मीच नेली होती" हे वाक्य मोठ्याने म्हणून बघते आहे. मोठ्याने म्हटलं की ते फारच छोटं वाटतं.

आर्म जुन्या बाजारातून मिळालाय, गुरुवारी गाडी तयार होईल. चारही टायर नवीन घालायला सांगितले आहेत. मी ठरवलं होतं की गाडी सरळ झाली की तीच घेऊन काकांकडे जायचं, त्यांना पुढे बसवायचं, एक चक्कर मारायची, आणि मग सांगायचं. चांगलं वाटत होतं असं ठरवून. पण इथवर लिहिल्यावर दिसतंय की हे सगळं मी तुम्हाला लिहिते आहे ते तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून. हे पत्र तुमचं नाहीच. ते कुठे टाकताही येत नाही, तेव्हा घडी करून तंगुसाबरोबर ठेवून देईन.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. काका घरीच असतात. आणि येरवड्याला रिक्षाही जाते, अण्णा. शनिवारपासून मला हे माहीत आहे.