फरशीचा दोन बोटं उतार

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बहात्तर, वीज खात्यातून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत बसून हे लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांकडून घेऊन सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. सून चहा ठेवून आपल्या कामाला लागली आहे, मुलगा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये आहे, आणि मी हे लिहायला बसले आहे याचा दिरांना पत्ता लागू दिलेला नाही.

कलम १. याआधी केलेली माझी चारही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिली तीन मी भांडणानंतर तावातावाने लिहिली होती, दोनदा दिरांवर आणि एकदा मुलावर. चौथं शांत डोक्याने लिहिलं, म्हणून त्यात जास्त विष उतरलं. वकीलबाई म्हणतात, "मावशी, ती फाडून टाका." पण कागद चांगला जाड आहे, फाडायला माझा हात होत नाही. ती कपाटाच्या खालच्या खणात आहेत.

कलम २. राहतं घर सुनेला आणि मुलाला निम्मं निम्मं. कागदावर सुनेचं नाव आधी घालावं. पुढेमागे विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं की बाहेरच्या खोलीची फरशी खिडकीकडे दोन बोटं उतरती आहे. जमिनीवर पेन्सिल ठेवली की ती आपोआप खिडकीकडे निघते. बांधकामावर देखरेख माझ्या दिरांची होती. आमचे हे म्हणायचे, "घरचा माणूस तिथे उभा आहे, मग काळजी कसली?" घरचा माणूस उभा होता हे खरं आहे. फरशी बसत होती तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून, कंत्राटदाराला राजकारण समजावून सांगत उभा होता.

कलम ३. दिरांना माझी शिडी. ती गेली अकरा वर्षं त्यांच्याकडेच आहे, आता हक्काने ठेवावी. शिवाय एक नवी कोरी पाणसळ, म्हणजे गवंडी फरशी सपाट आहे का ते बघायला वापरतो ती पट्टी, त्यांच्यासाठी विकत आणून ठेवली आहे. कारण कलम ६ मध्ये दिलं आहे. त्यांनी ते उभ्याने वाचू नये.

कलम ४. मुलाला माझा ऑफिसातला रबरी शिक्का. त्यावर "तक्रार नोंदवली आहे" एवढंच लिहिलेलं आहे. एकतीस वर्षं मी तक्रार खिडकीवर बसले. लोक वीज गेली म्हणून माझ्यावर ओरडायचे, आली तर बिलावरून ओरडायचे. मी शिक्का मारायचे आणि पुढच्याला बोलवायचे. पुढे काय व्हायचं ते मला कधीच कळलं नाही, कारण पुढचा कागद दुसऱ्या खिडकीवर जायचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डोकं इतकं चढायला लागलं की डॉक्टर म्हणाले, "एक तर गोळी घ्या, नाहीतर एखादं वाद्य शिका." मी व्हायोलिन घेतलं. वर्षभराने गोळीही घेतली.

मुलगा एका मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांना ताण कसा घालवायचा ते शिकवतो. कंपनी ताण देते आणि हा घालवतो, दोघांचाही पगार एकाच खात्यातून निघतो. त्या कामाचा त्याला इतका ताण आहे की तो झोपेत दात खातो. माझ्या मोबाइलमध्ये त्याने एक अ‍ॅप घालून दिलं आहे. त्यातली बाई रोज सकाळी मला श्वास घ्यायला सांगते. बहात्तर वर्षं मी तिच्या परवानगीशिवायच घेत आले. बाळा, तो शिक्का टेबलावर ठेव. साहेब ओरडला की मनातल्या मनात मार आणि पुढच्याला बोलव. तुझी फार काळजी वाटते मला, हे तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ५. बँकेत जे काही असेल ते सुनेचं. मी सरावाला बसले की घरातले सगळे दार लावून घ्यायचे. तीही लावायची, पण हलक्या हाताने. एका घरात एवढंसुद्धा पुष्कळ असतं.

कलम ६. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी इथे "अनावश्यक" असा शेरा मारला होता, तो मी खोडला आहे.

कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानातली माझी मैत्रीण. तिला सगळे टाचणी म्हणतात. तिच्या तोंडात कायम दोन-चार टाचण्या असतात आणि त्या काढून ती जे बोलते तेही टोचतं. ती अ‍ॅकॉर्डियन वाजवते, मी व्हायोलिन. चोवीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता, कापायच्या टेबलाच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी. वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम व्हायचा. आठवडाभराचं खिडकीवरचं ओरडणं मी त्या दुकानात टाकून यायचे. औषध म्हणाल तर तेच होतं.

निवृत्त झाले, या घरात राहायला आले आणि हाताशी वेळच वेळ आला. मी एक मेट्रोनोम घेतला. चावी दिली की त्याची दांडी डावीउजवीकडे हलते आणि ठोका पडतो, म्हणजे वाजवणाऱ्याची लय चुकत नाही. तो बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून मी रोज दोन तास सराव करू लागले. तीन वर्षं केला. आणि तिसऱ्या वर्षीच्या कार्यक्रमात माझं वाजवून संपलं तेव्हा टाचणीचं अजून बाकी होतं. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. दिरांनी दोन्ही वेळा जोरात वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर टाचणी म्हणाली, "अगं, तुझा ठेका लंगडतोय. गेले काही महिने बघतेय मी. एक लांब, एक आखूड."

मी म्हणाले, "मी यंत्रावर सराव करते. यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्राचं मला माहीत नाही. माझे कान शाबूत आहेत."

तेव्हा मी तिला जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. मी म्हणाले, "तुझ्या कोटांच्या बाह्या तरी कुठे सारख्या असतात? एक लांब, एक आखूड!" तिची तीन गिऱ्हाइकं शेजारी उभी होती. त्यांतल्या एकीने तिथल्या तिथे आपल्या बाह्या ताणून बघितल्या.

टाचणी अ‍ॅकॉर्डियनची पेटी उचलून निघून गेली. त्याला नऊ वर्षं झाली. बसस्टॉपवर दिसलो तर दोघीही वेळापत्रक असं निरखून वाचतो, जणू काल रात्रीच बदललंय. मी मात्र रोज दोन तास मेट्रोनोमवर सराव करत राहिले, तिला खोटं पाडायला.

गेल्या महिन्यात, हे कागद करायचे म्हणून मी एकेक वस्तू तपासायला काढली. मेट्रोनोमची चावी घट्ट झाली होती म्हणून घड्याळजींकडे नेला. त्यांनी तेल घातलं आणि आपल्या टेबलावर चालू केला. मी घाबरलेच.

"अहो, हा बिघडवलात तुम्ही! ठोके चुकतायत."

"बाई, आता तो अगदी बरोबर वाजतोय."

"कसला बरोबर? मी बारा वर्षं ऐकतेय. याचा ठोका असा नाहीये."

त्यांनी मेट्रोनोमच्या एका बाजूखाली एक जाड पुठ्ठा सरकवला. लगेच माझा ओळखीचा ठोका सुरू झाला, एक लांब, एक आखूड. "असा होता का?" त्यांनी विचारलं. "मग घरी तिरक्या जागेवर ठेवला असणार. तिरका ठेवला की हा लंगडतो."

घरी येऊन मी कपाटाजवळ पेन्सिल ठेवली. ती खिडकीकडे निघाली. मी तिथेच खाली बसले आणि रडले. बारा वर्षं मी इमानेइतबारे चुकीचं शिकत होते आणि जी एकटी खरं सांगायला आली तिला मी चारचौघांत तिच्या पोटावर मारलं. तिने मला शिवलेला कोट अजून आहे. टेप घेऊन बाह्या मोजल्या. सारख्या आहेत, दोऱ्याचाही फरक नाही.

कलम ७. माझं व्हायोलिन टाचणीला. मी गेल्यावर वकीलबाईंनी तिला कलम ६ मोठ्याने वाचून दाखवावं आणि माझ्या वतीने माफी मागावी. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, कोपऱ्यावर तर दुकान आहे. मरेपर्यंत कशाला थांबता?" मी म्हणाले, ती बोलते तेव्हा टोचतं, म्हणून थांबते. मेल्यावर टोचत नाही.

कलम ८. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. दिरांनी तर टाळ्याही वाजवू नयेत.

पुरवणी. सही करण्याआधी एवढं लिहिणं भाग आहे.

दोन साक्षीदार लागतात. घड्याळजी वेळेवर आले. दुसरे म्हणून मी मनात दिरांना धरलं होतं, कारण वकीलबाईंनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. पाणसळ हुकेल म्हणून तो बेत सोडला. शेवटी सुनेला म्हटलं, शेजारच्या कोणाला तरी आण. ती गेली आणि टाचणीला घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, शेजारी कुणी नव्हतं." शेजारच्यांचा रेडिओ चालू होता.

टाचणी दारात उभी राहून म्हणाली, "सही करायची आहे ना? पेन द्या. गिऱ्हाईक बसलंय."

वकीलबाईंनी तिला नियम सांगितला. ती हसली. "माझ्यासाठी काय असणार आहे यात? बाह्या?"

मी गप्प बसले असते तर ती सही करून गेली असती, आणि तिला कधीच काही कळलं नसतं. मी चष्मा लावला आणि कलम ६ आणि ७ तिला स्वतःच वाचून दाखवलं. पेन्सिलीपर्यंत आले आणि कागद सुनेकडे दिला, तेवढा भाग तिने वाचला.

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून कॉलरला लावल्या. खिशातून दोऱ्याचं रीळ काढून जमिनीवर ठेवलं आणि ते खिडकीपर्यंत जाताना बघत राहिली.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "या फरशीपायी?"

"फरशीपायी नाही. माझ्या तोंडापायी."

"ती बाई परत आली नाही कधी. बाह्या ताणणारी."

"माहीत आहे. चुकले मी. माफ कर."

तिने खिडकीखालून रीळ उचलून खिशात टाकलं. मग म्हणाली, "मला व्हायोलिन वाजवता येत नाही. तू गेल्यावर मी ते घेऊन काय करू, भिंतीला लावू? पेन दे इकडे."

वकीलबाईंनी पुन्हा बजावलं, की सही केलीत तर व्हायोलिन मिळणार नाही. टाचणी म्हणाली, "कळलं हो, म्हणूनच करतेय."

मी कलम ७ खोडलेलं नाही. ते तिच्या सहीनेच निकामी होईल, आणि व्हायोलिन माझ्याकडेच राहील.

हे लिहीत असताना तिने खालच्या खणातली रद्द मृत्युपत्रं काढली, घडी करून कपाटाच्या खिडकीकडच्या पायांखाली सारली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "तीन पुरत नाहीत. चौथंही घाला." त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मेट्रोनोम आता सरळ ठोके देतो आहे. मला तो अजून चुकीचाच वाटतो, पण सवय करीन.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे.

स्थळ: बाहेरची खोली, कपाटाशेजारी
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी पावणेअकरा

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) घड्याळजी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (सही) टाचणी. सही माझ्यासमोर झाली. गुरुवारी चार वाजता व्हायोलिन घेऊन दुकानात ये. तिथली फरशी सपाट आहे.