समाप्तीचे दान

आश्विन वद्य तृतीया, शके १७०१

हिंदुरावांनी आज कोथरूडच्या मळ्यावर बोलावले. बाईसाहेबांचे धाकटे दीर. अंजिरे पुढे ठेवली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची राणी फार माजलीय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

चातुर्मासात मी बाईसाहेबांच्या वाड्यात पुराण सांगतो. पोथी बांधली की घटकाभर एक कथा, ती माझ्या पदरची. यंदा बाईसाहेबांनीच पडद्याआडून फर्मावले — "राज्य चालवणाऱ्या राणीची सांगा." सांगू लागलो. नवरा लढाईत पडलेला, मुलगा लहान, शिक्का राणीच्या हाती. पडद्यामागे ऐकत बसलेल्या विधवेचीही गत तीच, हे मला दिसायला नको होते? लोक माना डोलावतात म्हणून मी खुशीत. गाढव!

वद्य चतुर्थी

झोप नाही. काल सारे लिहायचा धीर झाला नाही, आज लिहितो.

वाड्याची रीत अशी — समाप्तीला कथेत जे दान होते, तेच यजमानाने सर्वांसमक्ष करायचे. गेल्या साली माझ्या राजाने सवत्स गाय दिली, बाईसाहेबांनीही दिली. यंदा हिंदुरावांचे म्हणणे, राणीने शेवटी शिक्का दिराच्या ओंजळीत घालावा. समोर कारभारी, शिलेदार, सगळे बसलेले. देवापुढे बाईसाहेब नाही कशा म्हणणार?

नाही म्हटले तर काय, हे मी विचारले नव्हते. तेच म्हणाले, "मुठेला अजून पाणी आहे, बुवा."

वद्य अष्टमी

दोघेजण दारासमोरच्या ओट्यावर बसून असतात. तंबाखू मळतात. त्यांना काही नको असते.

कार्तिक शुद्ध पंचमी

शेवटी घरात सांगितले. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात नवीन ते काय? तुमच्या सगळ्याच कथांत हे होतं. बाई गादीवर बसली की एक तर राक्षसीण निघते, नाहीतर सती जाते. राज्य करता करता म्हातारी झालेली एक दाखवा."

फार राग आला. मग एकेक कथा आठवत बसलो. नाहीच सापडली.

"बाईसाहेबांच्या कानावर घाला," म्हणाली. कसे घालू? त्या पडद्याआड निम्म्या बायका हिंदुरावांना फितूर असतील. माझा निरोप पोचायच्या आधी मीच मुठेत.

शुद्ध दशमी

ठरले. शिक्का देणार. मला लेकीबाळी आहेत. बाईसाहेबांनी मला क्षमा करावी.

शुद्ध द्वादशी

समाप्ती झाली.

हिंदुराव नवी पगडी घालून अगदी पुढे बसले होते. शेला आधीच मांडीवर पसरलेला! एकदा शिक्का त्यात पडला, की डाव ठाऊक असलेल्या पुराणिकाला हा माणूस कशाला जिवंत ठेवील? हे मला इतके दिवस सुचले नव्हते. धैर्य वगैरे काही नाही. निव्वळ घाबरून माझी जीभ वळली.

म्हणालो, "राणीने दिराला जवळ बोलावले आणि काशीयात्रेचे दान दिले. तो पुण्यवान झाला. तिने राज्य केले, नातवंडे पाहिली, म्हातारी झाली."

मग पडद्याआडून शांत आवाज आला — "रीतच आहे. भाऊजींना काशीयात्रा. घोडे, राहुट्या, खर्च, सारा आमचा. मुहूर्त पौर्णिमेचा." लोकांनी हर हर महादेव केला. हिंदुरावांना उठून पडद्याकडे मुजरा करावा लागला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

शुद्ध त्रयोदशी

ओटा रिकामा. बाईसाहेबांकडून शालजोडी आली. हिने शिरा केला आणि दोनदा वाढला. दुपारी गाढ झोपलो. आपण वाचलो असे वाटते.

शुद्ध चतुर्दशी

वाटेत पुराण सांगायला एक ब्राह्मण हवा, असे हिंदुरावांनी बाईसाहेबांना विनवले. नाव माझे घेतले. त्या म्हणाल्या, "अवश्य न्या." उद्या पहाटे निघायचे आहे.