पळसबन लॉजला मी दिलेले तीन तारे

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, सकाळचे अकरा (लिहायला नऊला बसलो होतो)

तीर्थस्वरूप यमुताईस,

धाकट्या भावाचा, भैयाजीचा, साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनानं टेकली असं समजावं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्काम ठोकून आहे? आर्वीला थंडी पडली असेलच. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे मनकर्णा ठीक आहे आणि मी तिच्या समोरून सारखा ये-जा करतो आहे. फोन केला असता, पण तू फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि माझी बातमी तुझ्याआधी तुझ्या शेजारणीला कळते. ही बातमी तशी नाही. मयुरा माझ्याशी बोलत नाही, ताई. आज नववा दिवस.

(आत्ता उठून मोबाइल पाहून आलो. तीनच आहेत. कशाचे तीन ते पुढे येईल.)

पहिल्यापासून सांगतो. आपल्या मयुरानं आणि जावयानं, दुर्गेशरावांनी, पुण्याच्या चांगल्या नोकऱ्या सोडून उमरेडच्या पुढे, जंगलाच्या रस्त्यावर सहा खोल्यांचं लॉज बांधलं, पळसबन नावाचं, हे तुला माहीत आहेच. मी त्यावर वर्षभर काही बोललो नाही. (मनकर्णाचं म्हणणं, रोज बोलत होतो. मी मनातल्या मनात बोलत होतो, आता माझं मन जरा मोठ्यानं बोलतं त्याला मी काय करणार?) पण बघायलाही गेलो नव्हतो. शेवटी गेल्या महिन्यात मनकर्णानंच माझी पिशवी भरली आणि मला एसटीत बसवून दिलं. तिला स्वतःला येता आलं नाही, कारण तिच्या भजनी मंडळाचा सप्ताह होता. पिशवीत तिनं दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि लसणाची चटणी घातली. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं खायचं नाही हा आपल्या आईचा नियम, तो तू मोडला नाहीस आणि मीही मोडणार नव्हतो.

लॉजवर पोचलो तर मयुरा दारात उभी, हातात हळदी-कुंकवाचं ताट. म्हटलं, मी तुझा बाप म्हणून आलेलो नाही, गिऱ्हाईक म्हणून आलो आहे, तेव्हा जे सगळ्यांना करतेस तेच कर. तर म्हणाली, "सगळ्याइलेच करतो बाबा आमी हे." मग कपाळ पुढे केलं. खोली चार नंबरची मिळाली. पलंगावर टॉवेलाचं एक बदक करून ठेवलेलं होतं, चोच, मान, सगळं व्यवस्थित. आंघोळीनंतर अंग पुसायला ते बदक उलगडावं लागणार होतं. ताई, माझा जीव होईना. पोरीनं कुठूनसं बघून शिकून घेतलेलं बदक, ते मोडायचं कसं? दोन्ही दिवस मी माझ्या पंच्यानंच अंग पुसलं आणि बदकाला खुर्चीवर बसवून ठेवलं.

आंघोळीचंच घे. नळाला दोन चाकं, एक लाल, एक निळं. लाल सोडलं तर गार पाणी, निळं सोडलं तर असं कढत की मी एका पायावर बाहेर आलो. दिव्यांचा प्रकार याहून वरचा. भिंतीवर अकरा बटणं एका रांगेत, कोणतं कशाचं याचा पत्ता नाही. न्हाणीघराचा दिवा शोधता शोधता मी सगळी बटणं क्रमानं दोन-दोनदा दाबून पाहिली, तेव्हा शेजारच्या खोलीतून एक गृहस्थ गंजिफ्रॉकवर बाहेर आले. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी, मनोहरराव. "काय करून राहिले गा मास्तर तुमी? तिकडे माह्या खोलीतला पंखा नाचून राहिला ना!" (मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.) त्यांच्या पंख्याचं बटण माझ्या भिंतीवर होतं. माझ्या न्हाणीघराचं कुठे होतं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. मग मी पिशवीतलं लाल पेन काढलं (ते निवृत्तीनंतरही जवळ असतं), कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक बटणाखाली त्याचं काम लिहून चिकटवलं. नळांनाही चिकटवल्या, त्या पाण्यानं गळून पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात दशमी सोडून बसलो. चष्मा पुसायला मान वळवली तेवढ्यात एक वानर आलं आणि पुरचुंडी उचलून समोरच्या झाडावर गेलं. चटणी त्यानं तिथूनच परत खाली टाकली. दुपारपर्यंतची वेळ मी पाणी पिऊन काढली. मग मयुरा येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे माहं घर नाही, लॉज आहे. लॉजवर जेवाले आजीचीबी ना नसती." मी धर्मशास्त्र पिशवीत ठेवलं आणि हात धुतले. तिनं पाटोडीचा रस्सा केला होता. ताई, मी चार भाकरी खाल्ल्या. तू मनकर्णाला सांगू नकोस, तिला मी वानराबद्दल सांगितलं आहे, भाकरींबद्दल नाही.

निघायच्या दिवशी दुर्गेशराव बसपर्यंत सोडायला आले. मोठे साधे आहेत. म्हणाले, "बाबा, मोबाइलवर आमच्या लॉजबद्दल चार शब्द लिवून टाका. जे वाटलं ते खरं-खरं लिवा, आमाले सुधाराले बरं पडते." आता तूच सांग, एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेल्या आणि बोर्डाचे पेपर तपासून तपासून मान वाकडी झालेल्या माणसाला कोणी खरं-खरं लिवा म्हटलं तर तो चार शब्दांत थांबेल का? घरी येऊन मी अभिप्राय लिहिला. चौदा मुद्दे, अनुक्रमांकासह. नळांचा फोटो जोडला. रश्शाची तारीफ मुद्दा तीनमध्ये, यजमानांच्या अगत्याची मुद्दा चारमध्ये केली. वाघ दिसला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलं. आणि मुद्दा नऊ असा होता : "साप दिसला नाही, तथापि खोलीमागे त्यास वाव आहे." शेवटी पाचपैकी किती तारे देता म्हणून विचारलं होतं. मी तीन दिले.

तीन! पाचपैकी तीन म्हणजे किती झाले ते बघ. साठ टक्के! पस्तीसला पास, पंचेचाळीसला सेकंड क्लास आणि साठला फर्स्ट क्लास, हे मी माझ्या हातानं आयुष्यभर पाळलं. एकतीस वर्षांत मराठीच्या पेपरात माझ्याकडून फर्स्ट क्लास मिळवणारी मुलं अकरा, आणि खुद्द मयुराला दहावीच्या पूर्वपरीक्षेत मी चोपन्न दिले होते. (तेव्हाही ती चार दिवस बोलली नव्हती, पण तेव्हा निदान ताटावर समोर बसत होती.) पोरीच्या लॉजला फर्स्ट क्लास दिला म्हणून मी आनंदानं अर्धा किलो पेढे आणून गल्लीत वाटले. त्या मनोहररावांनीही अभिप्राय लिहिला होता, तो मी वाचला. एकच शब्द, "झकास", आणि पाच तारे. एका शब्दाच्या उत्तराला पैकीच्या पैकी! मी तपासनीस असतो तर त्या पेपरावर लाल रेघ मारली असती.

तिसऱ्या दिवशी माझ्या अभिप्रायाखाली उत्तर आलेलं दिसलं. जसंच्या तसं उतरवतो : "आदरणीय पाहुणे, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. व्यवस्थापन." शुद्धलेखनाची एक चूक नाही, ताई. मीच शिकवलेलं. पोटच्या पोरीनं बापाला चारचौघांत आदरणीय पाहुणे म्हणावं, हे वाचून मी खुर्चीवरून उठलो तो अजून नीट बसलेलो नाही. फोन लावला, उचलला नाही. मनकर्णानं लावला, उचलला. तिच्याकडून जे कळलं ते असं, की या मोबाइलवाल्यांच्या जगात तीन तारे म्हणजे नापास. शिवाय अभिप्राय लांबलचक आणि सचित्र असल्यामुळे सगळ्यांच्या वर माझाच दिसतो. इतवारीतली एक मोठी मंडळी नाताळच्या सुट्टीत सहाच्या सहा खोल्या घेणार होती, त्यांच्या सूनबाईंनी मुद्दा नऊ मोठ्यानं वाचला आणि बेत मोडला. त्यानंतर आलेला प्रत्येक फोन आधी सापाचीच चौकशी करतो. मनकर्णा फोन ठेवून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काहून लिवलं जी तुमी सापाचं? दिसला होता का तुमाले?" म्हटलं, दिसला नाही असंच तर लिहिलं आहे. संध्याकाळी तिनं भाजीला फोडणी दिली तीसुद्धा माझ्यावर रागावून दिली.

तेव्हापासून मला चैन नाही. गच्चीवर जातो, खाली येतो. कुंड्यांना दोनदा पाणी घालून एक तुळस कुजवली. पेढे ज्यांना वाटले ते भेटले की लेकीचं लॉज कसं चाललं आहे म्हणून विचारतात, मी पलीकडच्या नंदनवन वस्तीत काम आहे सांगून सायकल काढतो आणि नंदनवनात काहीच काम नसल्यामुळे चौकातून वळून परत येतो. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाजवळ बोलणार? म्हणून तुला लिहिलं. (पुन्हा बघून आलो. तीनच.) भाऊजींना नमस्कार सांग, खोकल्यावर ज्येष्ठमध चघळायला दे.

तुझा,
भैयाजी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. मयुरा लहानपणापासून तुझं ऐकते, तेव्हा तू तिला फोन करून एवढंच सांग की तिनं फेरतपासणीसाठी माझ्याकडे रीतसर अर्ज करावा. एकदा दिलेले गुण विद्यार्थ्याच्या अर्जाशिवाय बदलायचे नाहीत, हे मी सगळ्या पालकांना सांगत आलो. कागदाचा आग्रह नाही, तोंडी चालेल. नुसतं "बाबा" म्हणाली तरी मी तो अर्ज धरीन.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर उघडलं. वर सगळं खरं लिहिलं आहे, पण सगळं लिहिलेलं नाही. निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली ती कसल्याशा आवाजानं. खिडकीतून पाहिलं तर मागच्या टाकीवरून मयुरा दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन येत होती. मोटर बंद पडली होती आणि बापाच्या खोलीत पाणी कमी पडू नये म्हणून ती माझ्या न्हाणीघराच्या मागच्या दारापाशी बादल्या आणून ठेवत होती, आवाज न करता. चार खेपा केल्या. पदराला हात पुसून कंबर धरून जरा उभी राहिली आणि गेली. मी पलंगावर बसून राहिलो, बाहेर गेलो नाही. हिला बादल्या उचलायला शिकवलं का मी? ताई, घरी येऊन अभिप्राय लिहिला तेव्हा माझ्या हिशेबानं त्या लॉजचे गुण चार होते. मी चार दाबलेही होते. मग वाटलं, हे लॉज नाही चाललं तर पोरगी नागपूरला परत येईल, नोकरी करील, खुर्चीवर बसेल. म्हणून एक कमी केला. आणि साप मला मुद्दाम सुचला. वाचून कोण घाबरेल हे लिहितानाच ठाऊक होतं. फर्स्ट क्लासचा हिशेब मी नंतर बसवला, आणि पेढे वाटले ते स्वतःला पटावा म्हणून. एकतीस वर्षांत मी एकाही मुलाचे गुण चोरले नव्हते, ताई. पहिला चोरला तो माझ्या पोरीचा.

ता. क. ३ : तू फोन करू नकोस. मीच केला आत्ता, मनकर्णाच्या मोबाइलवरून, म्हणून उचलला गेला. मला साप आठवेना, तारे आठवेनात, माफी तर राहूनच गेली. एवढंच विचारलं की उद्यापासून आठवडाभर राहायला यायचं आहे, खोली मिळेल का? तिकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सगळ्याच रिकाम्या आहेत बाबा. तुमाले कोणती पायजे?"